नेटवर्क परत आलं तरी लॉक सुटत नाही: पोस्टग्रेसमध्ये अडकलेली प्रिपेर्ड ट्रान्झॅक्शन्स

लक्षण साधारण असं दिसतं. ॲप सर्व्हर आणि डेटाबेस यांच्यामधलं नेटवर्क काही सेकंद तुटतं, परत येतं, डॅशबोर्ड हिरवा होतो. मग काही ठरावीक ओळींवरचे अपडेट लटकायला लागतात. एखाद्या ग्राहकाचं वॉलेट, एखादी ऑर्डर, साठ्यातली एखादी वस्तू. बाकी सगळं सुरळीत. ॲप रीस्टार्ट करून फरक पडत नाही. वैतागून कोणीतरी डेटाबेसच रीस्टार्ट करतं, तरी त्याच ओळी बंद.

रीस्टार्टनंतरही लॉक टिकला, हीच इथली खूण. साध्या सेशनचा लॉक सर्व्हर बंद होताच संपतो. टिकतो तो फक्त टू-फेज कमिटच्या, म्हणजे दोन डेटाबेसांतला बदल दोन टप्प्यांत एकत्र पक्का करण्याच्या पद्धतीच्या, पहिल्या टप्प्यावर ('प्रिपेर्ड') थांबलेल्या ट्रान्झॅक्शनचा, कारण तो टिकावा म्हणूनच तसा बनवलेला आहे.

खालची सगळी माहिती एक मांडणी डोळ्यांपुढे ठेवून दिली आहे: वाइल्डफ्लाय या ॲप सर्व्हरवर चालणारं जावा ॲप, त्यातला नारायणा हा ट्रान्झॅक्शन मॅनेजर म्हणजे कोऑर्डिनेटर, आणि दोन वेगवेगळ्या मशीनवरचे पोस्टग्रेस डेटाबेस, एक ऑर्डरचा, एक वॉलेटचा. मायएसक्यूएल आणि ओरॅकलवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

आधी निदान: कोणता लॉक आहे?

नेटवर्क तुटल्यावर दोन वेगळ्या गोष्टी अडकू शकतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. त्यामुळे इथे घाई नको.

पहिली गोष्ट म्हणजे प्रिपेर होण्याआधीच तुटलेलं सेशन. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या सेशनांच्या यादीत ते 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असं दिसतं. त्याला खरा प्रोसेस आयडी असतो. क्लायंट गेला आहे हे सर्व्हरला कळलेलंच नसतं. लिनक्सची कीप-अलाइव्हची मूळ सेटिंग्ज ७२०० सेकंद, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ प्रयत्न अशी आहेत. म्हणजे मेलेलं कनेक्शन ओळखायला २ तास ११ मिनिटं, आणि तोपर्यंत लॉक तसाच. असं सेशन पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने बिनधास्त मारा. त्याने अजून कोणालाही शब्द दिलेला नाही, त्यामुळे ते रोलबॅक, म्हणजे रद्द, होणं योग्यच आहे. पुढच्या वेळेसाठी सर्व्हरवर टीसीपी कीप-अलाइव्हचे आकडे ३०, १०, ३ असे खाली आणा आणि आयडल-इन-ट्रान्झॅक्शनचा टाइमआउट लावा. हा प्रश्न इथेच मिटला.

दुसरी गोष्ट अवघड. लटकलेल्या सेशनचा प्रोसेस आयडी घ्या आणि पीजी_ब्लॉकिंग_पिड्स या फंक्शनला द्या. उत्तरात ० आलं, तर अडवणारं कोणतंही सेशन नाही, प्रिपेर्ड ट्रान्झॅक्शन आहे. पीजी_लॉक्समध्येही त्या लॉकसमोर प्रोसेस आयडीची जागा रिकामी दिसेल. मारायला काही नाहीच. मग पीजी_प्रिपेर्ड_एक्झॅक्ट्स हा व्ह्यू उघडा. त्यात पाच रकाने असतात: ट्रान्झॅक्शनचा क्रमांक, जीआयडी (ट्रान्झॅक्शन तयार करणाऱ्याने त्याला दिलेलं नाव), प्रिपेर झाल्याची वेळ, मालक आणि डेटाबेस. वेळेनुसार लावा. नेटवर्क तुटल्याच्या क्षणाशी जुळणाऱ्या ओळी वर येतात.

काही ठिकाणी हा प्रकार महिनोन् महिने कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि पीजी_अपग्रेडने 'प्रिपेर्ड ट्रान्झॅक्शन्स शिल्लक आहेत' म्हणत नकार दिला की मगच उघड होतो. तोवर टेबलं फुगलेली असतात. त्याबद्दल पुढे.

डेटाबेस स्वतःहून निर्णय का घेत नाही

टू-फेज कमिटमध्ये कोऑर्डिनेटर आधी दोन्ही डेटाबेसना विचारतो, तयार आहात का? प्रत्येक डेटाबेस आपला बदल डिस्कवर टिकाऊ करतो, लॉक धरून ठेवतो आणि 'हो' म्हणतो. हा 'हो' म्हणजे शब्द आहे. यापुढे कमिट सांगितलं तर कमिट करणार, रोलबॅक सांगितलं तर रोलबॅक, पण मनाने काहीही ठरवणार नाही. दोन्हींचे 'हो' आले की कोऑर्डिनेटर 'कमिट' हा निर्णय आधी स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो आणि मगच दोघांना कळवतो.

आता नेटवर्क या 'हो' आणि 'कमिट'च्या मधे तुटलं, तर वॉलेटच्या डेटाबेसला तीन शक्यता दिसतात: कोऑर्डिनेटरने कमिट ठरवलं आणि निरोप वाटेत हरवला, ऑर्डरच्या डेटाबेसने 'नाही' म्हटलं आणि रोलबॅक ठरलं, किंवा कोऑर्डिनेटर काही ठरवण्याआधीच कोसळला. आतून या तिन्हींत काडीचाही फरक दिसत नाही. टाइमआउट लावून रोलबॅक केलं आणि तिकडे ऑर्डरचा डेटाबेस कमिट झालेला असला, तर माल निघाला आणि पैसे कापलेच गेले नाहीत. म्हणून स्टेटमेंट टाइमआउट, लॉक टाइमआउट, आयडल टाइमआउट यांपैकी एकही प्रिपेर्ड ट्रान्झॅक्शनला लागू होत नाही. वाइल्डफ्लायमधला ३०० सेकंदांचा मूळ टाइमआउटही प्रिपेर व्हायच्या आधीच्या काळापुरताच.

डेल स्कीन यांनी १९८१ मध्ये तिसरा टप्पा घालून ही अडवणूक टाळणारी पद्धत मांडली. पण ती मशीन कोसळण्यापुरती टिकते. नेटवर्कचे दोन तुकडे झाले की दोन बाजू दोन वेगळे निर्णय घेऊ शकतात. त्यामुळे प्रत्यक्षात तुम्हाला भेटेल ते टू-फेजच.

यातून निघणारा एकच नियम कामाचा: निर्णय कोऑर्डिनेटरच्या लॉगमध्ये आहे. तो तिथून काढायचा, अंदाजाने नाही.

निर्णय कसा शोधायचा

काहीही हलवण्यापूर्वी दोन्ही डेटाबेसवरच्या पीजी_प्रिपेर्ड_एक्झॅक्ट्सची पूर्ण प्रत फाइलमध्ये उतरवून ठेवा. एकदा कमिट किंवा रोलबॅक झालं की ती ओळ नाहीशी होते, आणि नंतर हिशेब जुळवताना हाताशी काही राहत नाही.

मग जीआयडी वाचा. जावाचा पोस्टग्रेस ड्रायव्हर तो तीन भागांत बांधतो आणि मधे अंडरस्कोर घालतो: फॉरमॅट आयडी, जागतिक क्रमांक, शाखेचा (म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या एका डेटाबेसातल्या भागाचा) क्रमांक. पहिला साधा आकडा, पुढचे दोन बेस-६४ मध्ये. सुरुवातीला १३१०७७ असेल तर ट्रान्झॅक्शन नारायणाचं. दुसरं काही असेल तर ते कोणी तयार केलं ते आधी शोधा; कधी कधी एखाद्या डेव्हलपरने हाताने चालवलेला प्रयोगच तिथे पडलेला असतो. मधला भाग दोन्ही डेटाबेसमध्ये सारखा असेल, तर त्या एकाच ट्रान्झॅक्शनच्या दोन शाखा. स्प्लिट_पार्टने मधला भाग वेगळा काढून डीकोड केला, की बाइट्सच्या शेवटाला नोडचं नाव वाचता येतं. हे ट्रान्झॅक्शन कोणत्या ॲप सर्व्हरने सुरू केलं, ते तिथे कळतं.

आता त्या नोडच्या लॉगकडे. वाइल्डफ्लायमध्ये ट्रान्झॅक्शन्स सबसिस्टमखालच्या लॉग-स्टोअरवर 'प्रोब' चालवा आणि यादी पाहा. फाइलवर असेल तर डेटा डिरेक्टरीतल्या टीएक्स-ऑब्जेक्ट-स्टोअरमध्ये नोंदी मिळतात. पुढे चार वाटा फुटतात.

लॉगमध्ये नोंद आहे: निर्णय कमिटचा. राहिलेल्या सगळ्या शाखा कमिट. खरं तर नारायणाची रिकव्हरी, म्हणजे अर्धवट राहिलेली ट्रान्झॅक्शन्स निकाली काढणारी फेरी, दर १२० सेकंदांनी फिरते आणि तिने हे आपोआप करायला हवं. करत नसेल तर ती डेटाबेसपर्यंत पोचतच नाही. त्याचं कारण शोधा, हाताने कमिट हा नंतरचा पर्याय.

लॉग शाबूत आहे, नोडही तोच आहे, पण नोंद नाही: निर्णय रोलबॅकचा. नारायणा 'नोंद नसेल तर रद्द' हे गृहीत धरून चालतो. कमिटचा निरोप पाठवण्यापूर्वी लॉग लिहिलाच पाहिजे, त्यामुळे लॉग नाही म्हणजे कमिटचा निरोप कोणालाही गेलेला नाही.

लॉगच हरवला आहे आणि दुसऱ्या डेटाबेसवर त्या ट्रान्झॅक्शनची शाखा दिसत नाही: इथे बहुतेक जण चुकतात. शाखा दिसत नाही याचा अर्थ ती कमिट झाली असा नाही. ती रोलबॅक झालेली असू शकते किंवा कधी प्रिपेरच झालेली नसेल. ऑर्डरच्या टेबलात त्या ग्राहकाची, त्या वेळेची, त्या रकमेची ओळ आहे का ते बघा. असेल तर वॉलेटची शाखा कमिट, नसेल तर रोलबॅक. ओळीवरून खात्री होत नसेल आणि वॉल, म्हणजे पोस्टग्रेसचा बदलांचा लॉग, अजून डिस्कवर असेल, तर पीजी_वॉलडंप फक्त 'ट्रान्झॅक्शन' प्रकारच्या नोंदींवर चालवा. पोस्टग्रेस १३ पासून प्रिपेरच्या नोंदीत जीआयडी आणि ट्रान्झॅक्शन क्रमांक दोन्ही दिसतात. तो क्रमांक घेऊन पुढे 'कमिट_प्रिपेर्ड' आहे की 'अबॉर्ट_प्रिपेर्ड' ते शोधा. हा कोणाच्याही स्मरणापेक्षा भक्कम पुरावा.

लॉग हरवला आहे आणि दोन्ही शाखा अजून प्रिपेर्डच आहेत: दोन्हींना एकच निर्णय द्या, डेटा सुसंगत राहील. सहसा रोलबॅक. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: वापरणाऱ्याला काय सांगितलं गेलं? निर्णय लॉगमध्ये पडल्यावर दुसऱ्या टप्प्यात डेटाबेस हाती लागला नाही, तरी नारायणा ॲपला यश कळवून उरलेलं काम रिकव्हरीवर सोपवतो. म्हणजे ग्राहकाच्या मोबाइलवर 'ऑर्डर नोंदली' आलेलं असू शकतं. ॲपच्या ॲक्सेस लॉगमध्ये त्या विनंतीला २०० हा यशाचा कोड गेला असेल, तर दोन्ही शाखा कमिट करणं बरोबर.

शाखेच्या आत नेमके कोणते बदल आहेत हे साध्या सिलेक्टने दिसत नाही, कारण ते अजून कमिट झालेले नाहीत. पीजीरोलॉक्स हे एक्स्टेन्शन लावलं तर कोणत्या ओळी कोणत्या ट्रान्झॅक्शनने धरल्या आहेत ते कळतं. मात्र ते पूर्ण टेबल वाचतं. कोट्यवधी ओळींच्या टेबलावर भर दुपारी चालवू नका.

प्रत्यक्ष सोडवणूक

नोड जिवंत असेल तर आधी त्याची रिकव्हरी थांबवा किंवा तो नोड बंद करा. नाहीतर तुम्ही हाताने एक निर्णय द्याल आणि त्याच मिनिटाला रिकव्हरी दुसरा देईल.

ज्या डेटाबेसचं नाव त्या ओळीत आहे, त्याच डेटाबेसला जोडा. एकाच क्लस्टरमधल्या दुसऱ्या डेटाबेसमधून केलं तर पोस्टग्रेस नकार देतं. लॉगिन त्याच मालकाचं किंवा सुपरयूझरचं हवं. मग 'कमिट प्रिपेर्ड' किंवा 'रोलबॅक प्रिपेर्ड' आणि पुढे एकेरी अवतरणात जीआयडी, जसाच्या तसा. बेस-६४ मधली अधिकची, तिरक्या रेघेची किंवा शेवटची बरोबरची खूण कॉपी करताना गळते. म्हणून टर्मिनलवरून निवडण्यापेक्षा पीएसक्यूएलमध्ये क्वेरीनेच आज्ञा तयार करून घ्या. ही आज्ञा ट्रान्झॅक्शन ब्लॉकच्या आत चालत नाही. ग्राफिकल टूलमध्ये ऑटो-कमिट बंद असेल तर त्रुटी येईल, ती याचीच.

'असा जीआयडी अस्तित्वात नाही' असं उत्तर आलं तर सुटकेचा निःश्वास सोडू नका. दुसऱ्या कोणीतरी तो निकाली काढला एवढाच त्याचा अर्थ. कोणत्या दिशेने, ते तपासणं बाकीच आहे.

पीजी_टूफेज डिरेक्टरीतल्या फाइली हाताने उडवण्याचा सल्ला इंटरनेटवर सापडतो. तो पाळू नका. दिलेला शब्द पुसून टाकण्याचा तो सर्वांत वाईट मार्ग आहे.

सगळं निकाली निघाल्यावर त्या डेटाबेसमधल्या मोठ्या टेबलांवर व्हॅक्युम, म्हणजे मेलेल्या ओळींची सफाई, चालवा. प्रिपेर्ड ट्रान्झॅक्शन उघडं असेपर्यंत त्याच्यानंतर मेलेल्या ओळी साफ होत नाहीत, टेबल आणि इंडेक्स फुगत जातात. त्याहून गंभीर म्हणजे ट्रान्झॅक्शन क्रमांकांचा फेरा. पोस्टग्रेसकडे साधारण २१४ कोटी क्रमांकांची मुभा असते. ऑटोव्हॅक्युम २० कोटींच्या वयालाच जुन्या ओळी गोठवायला धावतं, पण अडकलेलं ट्रान्झॅक्शन त्याला पुढे जाऊ देत नाही. सेकंदाला १००० लिखाणं होणाऱ्या सिस्टममध्ये रोज ८.६४ कोटी क्रमांक खर्च होतात, म्हणजे सुमारे २५ दिवसांत ही मुभा संपते. पोस्टग्रेस १४ पासून ४ कोटी क्रमांक उरले की इशारे सुरू होतात आणि ३० लाख उरले की सर्व्हर नवीन लिखाण नाकारतो. एका विसरलेल्या ओळीने पूर्ण क्लस्टर ठप्प होतो.

पुन्हा पुन्हा का होतं

एकदा झालं तर नेटवर्कला दोष द्यावा. दर महिन्याला होत असेल तर नेटवर्क फक्त निमित्त आहे, रिकव्हरी मोडलेली आहे. नेटवर्क तुटणार हे धरूनच टू-फेज कमिट बनवलेलं आहे, आणि निरोगी मांडणीत दोन-तीन रिकव्हरी फेऱ्यांत, म्हणजे पाच-सहा मिनिटांत, यादी रिकामी व्हायला हवी. होत नसेल तर खालच्यापैकी एक कारण असतं.

सर्वांत जास्त आढळणारं: लॉग कंटेनरच्या तात्पुरत्या डिस्कवर. पॉड (कंटेनर चालवणारा कुबरनेटिसचा घटक) गेला की लॉग गेला, आणि नव्या पॉडला जुन्या ट्रान्झॅक्शन्सचा पत्ताच नसतो. कुबरनेटिसवर डिप्लॉयमेंटऐवजी स्टेटफुलसेट घ्या आणि लॉगच्या डिरेक्टरीला पर्सिस्टंट व्हॉल्यूम द्या. किंवा नारायणाचा लॉग जेडीबीसी स्टोअरमध्ये, म्हणजे डेटाबेसातच ठेवा. त्यासाठीचा डेटासोर्स जेटीएमध्ये, म्हणजे या मॅनेजरच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये, सामील नसलेला हवा, नाहीतर लॉगच ट्रान्झॅक्शनमध्ये अडकतो. व्हॉल्यूम लावूनही एक फट उरते: पॉडची संख्या ५ वरून ३ केली, तर ३ आणि ४ क्रमांकाच्या पॉडचे व्हॉल्यूम शाबूत राहतात पण ते वाचायला कोणी नसतं. कमी करण्यापूर्वी त्या पॉडकडे नवीन विनंत्या बंद करा, त्याचा लॉग रिकामा झालाय हे पाहा आणि मगच तो काढा.

दुसरं कारण जास्त घातक, कारण त्यात काही अडकतच नाही: दोन नोडना एकच नाव. वाइल्डफ्लायमध्ये नोड-आयडेंटिफायर मुळात '१' असतो आणि तो बदलण्याचा इशारा सुरू होताना लॉगमध्ये येतो. तो इशारा वाचतं कोण? दोन सर्व्हर '१' नावाने एकाच डेटाबेसला जोडले, की पहिल्याची रिकव्हरी डेटाबेसला विचारते, माझ्या नावाच्या कोणत्या शाखा पडून आहेत? तिला दुसऱ्याची शाखा दिसते, नाव आपलंच, लॉगमध्ये नोंद नाही, म्हणून नियमाप्रमाणे रोलबॅक. तिकडे दुसऱ्याने नुकताच कमिटचा निर्णय घेतलेला असतो. एरवी शाखा काही मिलिसेकंदच प्रिपेर्ड राहते, त्यामुळे हे दिसत नाही. नेटवर्क मंदावलं की शाखा जास्त काळ उघडी राहते आणि रिकव्हरीच्या नजरेला पडते. परिणाम: ऑर्डर कमिट, वॉलेट रोलबॅक, प्रिपेर्डची यादी कोरी, मॉनिटरिंग शांत.

नाव बदलताना आणखी एक सापळा आहे. नावाला २३ बाइटची मर्यादा आहे. पॉडचं नाव त्याहून लांब असलं, की सुरुवातीची २३ अक्षरं घेणारी स्क्रिप्ट कोणीतरी लिहितं. पॉडचा क्रमांक नावाच्या शेवटी असतो, तो नेमका कापला जातो, आणि सगळे पॉड पुन्हा एकाच नावाचे. शेवटची २३ अक्षरं घ्या. एकाच डेटाबेसवर दोन वेगळी ॲप्स असतील तर ती २३ अक्षरं दोघांतही वेगळी आहेत ना, ते पाहा. नाव बदलायच्या आधी जुन्या नावाची यादी रिकामी करून घ्यायला विसरू नका. नाहीतर त्या शाखांना वालीच उरत नाही.

तिसरं, रिकव्हरीला डेटाबेसमध्ये शिरताच येत नाही. रिकव्हरीसाठी वेगळं लॉगिन दिलेलं असतं, पासवर्ड बदलताना ॲपचा बदलला जातो आणि रिकव्हरीचा राहतो. किंवा लॉगिन चालतं, पण ट्रान्झॅक्शनचा मालक वेगळा असल्याने कमिट नाकारलं जातं. दोन्ही वेळा सर्व्हर लॉगमध्ये दर दोन मिनिटांनी तीच त्रुटी दिसते. दोन्हीकडे एकच डेटाबेस यूझर वापरणं सर्वांत सोपं.

चौथं कारण डेटाबेसच्या फेलओव्हरचं. शाखेने 'हो' म्हटलं तेव्हा तो शब्द फक्त प्रायमरीच्या, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या, डिस्कवर होता, असिंक्रोनस स्टँडबायपर्यंत, म्हणजे मागाहून भरणाऱ्या राखीव प्रतीपर्यंत, पोचला नव्हता. प्रायमरी तुटला, स्टँडबाय वर आला, आणि त्याच्याकडे ती शाखाच नाही. कोऑर्डिनेटर कमिट सांगतो, उत्तर येतं 'अस्तित्वात नाही', पण दुसरा डेटाबेस कमिट करून मोकळा झालेला असतो. टू-फेज कमिट आणि असिंक्रोनस फेलओव्हर एकत्र नांदत नाहीत. सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्समध्ये किमान 'दोनपैकी कोणताही एक' अशी अट लावा आणि सिंक्रोनस_कमिट चालू ठेवा. लिखाण थोडं मंदावेल, ती किंमत द्यावीच लागते. शिवाय मॅक्स_प्रिपेर्ड_ट्रान्झॅक्शन्स स्टँडबायवर प्रायमरीइतकं किंवा जास्त हवं.

टू-फेजचा संबंध नसतानाही असिंक्रोनस फेलओव्हर काय करतो, याचा जाहीर दाखला गिटहबचा. २१ ऑक्टोबर २०१८ ला त्यांचा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरशी संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. मायएसक्यूएलचे प्रायमरी आपोआप पश्चिम किनाऱ्यावर गेले, पण पूर्वेकडची काही लिखाणं तिकडे पोचलेली नव्हती. दोन्ही बाजूंना एकमेकींकडे नसलेला डेटा होता, आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

सेटिंग्ज आणि पहारा

टू-फेज वापरतच नसाल तर मॅक्स_प्रिपेर्ड_ट्रान्झॅक्शन्स ० ठेवा. ही सोय पोस्टग्रेसमध्ये २००५ च्या ८.१ पासून आहे आणि ८.४ मध्ये मूळ आकडा ५ वरून ० केला गेला. वापरत असाल तर तो आकडा किमान मॅक्स_कनेक्शन्सइतका ठेवा, म्हणजे भर गर्दीत जागा संपल्याची त्रुटी येणार नाही.

दर मिनिटाला प्रिपेर्डच्या यादीतली सर्वांत जुनी वेळ मोजा. ५ मिनिटांपेक्षा जुनी असेल तर सूचना, १५ मिनिटांना फोन वाजलाच पाहिजे. ॲपच्या कनेक्शनवर लॉक टाइमआउट ५ सेकंद लावा. त्याने अडकलेली शाखा सुटत नाही, पण तिच्यामागे रांग लागून कनेक्शनचा पूल संपत नाही, आणि एका ग्राहकाची अडचण सगळ्यांची होत नाही.

एक गोष्ट अजिबात करू नका: '१० मिनिटांपेक्षा जुनं दिसलं की रोलबॅक' असा क्रॉन, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम. मोह होतो, कारण त्याने पेजर शांत होतो. पण कमिट ठरलेल्या शाखाही तो मारणार, आणि यापुढे तुमची चूक लॉकच्या रूपाने दिसण्याऐवजी महिनाअखेरीच्या हिशेबात दिसेल.

मायएसक्यूएल, ओरॅकल

मायएसक्यूएलमध्ये प्रिपेर्डची यादी 'एक्सए रिकव्हर' या आज्ञेने मिळते. इनोडीबीच्या ट्रान्झॅक्शन टेबलात अशा ओळीचा थ्रेड आयडी ० असतो. 'कन्व्हर्ट एक्सआयडी' जोडलं तर क्रमांक हेक्समध्ये येतो आणि तोच 'एक्सए कमिट'ला देता येतो. ८.० मध्ये यादी पाहायला वेगळी परवानगी लागते. ती नसल्याने कोऑर्डिनेटरची रिकव्हरी बंद पडल्याचं अपग्रेडनंतर हमखास आढळतं. ५.७.७ पूर्वीच्या आवृत्त्या क्लायंट तुटताच प्रिपेर्ड शाखा रोलबॅक करत, म्हणजे शब्द पाळतच नसत. तिथे टू-फेज वापरू नये.

ओरॅकलमध्ये ओआरए-०१५९१ दिसलं की डीबीए_टूपीसी_पेंडिंग पाहा. रेको ही प्रोसेस सहसा स्वतः निपटारा करते. 'कमिट फोर्स' वापरण्यापूर्वी तिला वाट द्या, आणि 'मिक्स्ड' रकान्यात 'येस' असेल तर निर्णय आधीच फाटलेला आहे, तो हिशेबानेच जुळवावा लागेल.

टू-फेज हवंच का?

एकाच संस्थेचे, एकाच डेटा सेंटरमधले दोन डेटाबेस असतील तर हवं, चालतं. पलीकडची बाजू दुसऱ्या संस्थेची असेल तर ती तुमच्यासाठी लॉक धरून बसणार नाही. यूपीआयमध्ये पैसे पाठवणाऱ्याच्या बँकेने खातं डेबिट केलं आणि पुढचा निरोप हरवला, तर कोणी कोणाची वाट पाहत लॉक धरत नाही. नंतर ताळमेळ घालून उलट नोंद करतात. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, डेबिट होऊन समोरच्या खात्यात जमा न झालेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावी लागते, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई.

तीच पद्धत लहान प्रमाणात हवी असेल तर आउटबॉक्स. ऑर्डरची ओळ आणि 'वॉलेटमधून १,२०० रुपये काप' ही नोंद एकाच डेटाबेसात, एकाच साध्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. वेगळी प्रोसेस ती नोंद 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड'ने उचलून वॉलेटकडे पाठवते, आणि उत्तर येईपर्यंत पाठवत राहते. वॉलेटच्या बाजूला विनंतीच्या क्रमांकावर युनिक कन्स्ट्रेंट हवा, आणि त्या क्रमांकाची नोंद व रकमेची वजावट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवी. ती दोन वेगळ्या ट्रान्झॅक्शन्समध्ये केली तर मधे कोसळल्यावर पैसे एकतर दोनदा कापले जातात किंवा कधीच नाहीत. टाइमआउट म्हणजे अपयश असं कोडमध्ये कुठेही धरू नका. टाइमआउटचा अर्थ 'माहीत नाही' एवढाच, आणि त्याला उत्तर त्याच क्रमांकाने पुन्हा विचारणं.

गूगलचा स्पॅनर, कॉकरोचडीबी यांसारख्या डेटाबेसांत आत टू-फेजच असतं, पण कोऑर्डिनेटरची नोंद पॅक्सोस किंवा राफ्ट या मशीनांचं एकमत घडवणाऱ्या पद्धतींनी अनेक मशीनवर ठेवलेली असते. एक मशीन गेल्याने निर्णय हरवत नाही.

दुरुस्ती झाली का, ते कसं पडताळायचं

चाचणीच्या मशीनवर ॲप चालू असताना ॲप आणि वॉलेट डेटाबेस यांच्यामधलं ५४३२ पोर्ट आयपीटेबल्सने 'ड्रॉप' करा. 'रिजेक्ट' नको, त्याने लगेच त्रुटी येते आणि खऱ्या तुटण्यासारखं वागणं दिसत नाही. एक मिनिट भार चालू द्या, मधेच एक ॲप सर्व्हर किल-९ ने मारा, नियम काढा, सर्व्हर पुन्हा चालू करा. सहा मिनिटं थांबून दोन्ही डेटाबेसवरची यादी पाहा. उरलेली ओळ असेल तर तिच्या जीआयडीमधलं नोडचं नाव काढून त्या नोडचा लॉग कुठे लिहिला जातो ते शोधा. यादी रिकामी असेल तर ऑर्डरच्या रकमांची बेरीज आणि वॉलेटमधून कापलेल्या रकमांची बेरीज ताडून पाहा. यादी रिकामी असूनही बेरजा जुळत नसतील, तर सगळ्यात आधी प्रत्येक सर्व्हरचा नोड-आयडेंटिफायर छापून शेजारी शेजारी ठेवा.